गल्लीतले ट्रक, घरातला पगार

बेळगावच्या दक्षिण भागातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय. नाव आणि गल्ली छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून मजकूर थोडक्यात आमच्या शब्दांत.

त्यांची गल्ली वीसेक फुटांची. दोन्ही अंगांना घरं, दारापुढं कट्टे, कट्ट्याला लागून दुचाक्या. दोन-तीन वर्षांपासून उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीकडून जुन्या पी. बी. रोडला आणि तिथून हायवेला निघालेले ट्रक जवळचा रस्ता म्हणून ही गल्ली धरतात. रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत खिडक्यांच्या काचा वाजतात. सासूबाईंच्या डोळ्याला डोळा नाही. सातवीतला मुलगा सायकलनं शाळेला जातो. गेल्या महिन्यात मागं येणाऱ्या एका ट्रकखाली त्याची सायकल गेली, पोरगा उडी मारून वाचला. त्यानंतर गल्लीच्या पंचांनी बैठक घेतली. अवजड वाहनांना कायमची बंदी मागायची ठरलं आणि निवेदन लिहायचं काम यांच्याकडं आलं, कारण यांचं कन्नडही चांगलं. युवक मंडळाला तेवढा धीर नाही. त्यांना गल्लीच्या तोंडाला लोखंडी कमान हवी, नाहीतर रास्ता रोको.

अडचण घरातलीच आहे. यजमान उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत डिस्पॅच बघतात. ते म्हणाले, "त्या ट्रकात आमचंच कास्टिंग असतं. त्याच्याविरुद्ध तू सह्या गोळा करणार?" तेव्हापासून पंचांनी दिलेला कच्चा मसुदा तसाच पडून आहे, निवेदनाचा कागद कोराच. ताई विचारतात: निवेदन लिहू की नको? आणि हे मागणं स्वार्थीपणाचं आहे का?

ताई,

पोरगा बचावला हे आधी बरं झालं. सायकल चेपली ती चेपली.

बैठक येत्या रविवारी आहे असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा उत्तर आधीच देते. निवेदन लिहा. पंचांनी सांगितलंय तसं मात्र लिहू नका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात 'ट्रक' हा शब्द अकरा वेळा आलाय. कुठला ट्रक, हे एकदाही आलेलं नाही. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येणारा प्रत्येक ट्रक सारखाच असतो, हे मला ठाऊक आहे. मी वाढले ती गल्लीही अशीच. पण कागदावर ते चालत नाही. गल्लीच्या एका तोंडातून शिरून दुसऱ्या तोंडातून निघून जाणारा ट्रक वेगळा. कोपऱ्यावरच्या मागवाल्याकडं सूत उतरवायला येणारा वेगळा, कुणाच्या तरी मजल्याला सिमेंट-वाळू घेऊन येणारा वेगळा. आणि चौथाही एक असतो, त्याचं नाव कुणी घेत नाही: गल्लीतलाच कुणी चालक, जेवायला घरी येतो आणि गाडी देवळापुढं लावतो. पहिल्यावर बंदी मागणं रास्त आहे. चौघांवर मागाल तर सही करणाऱ्यांतलेच चार जण महिन्याभरात तुमच्या दारात येऊन विचारतील, "ताई, आमची वाळू आता आणायची कशी ओ?"

म्हणून आधी मोजा. रहदारी पोलिसांच्या टेबलावर "रात्रंदिवस शेकडो ट्रक" असं लिहिलेली निवेदनं ढिगानं येतात. वहीत वेळ मांडून आणलेलं कुणी येत नाही. मोजायची रीत सोपी आहे. गल्लीच्या दोन्ही तोंडांना एकेक जण वही घेऊन बसवायचा. शिरणाऱ्या प्रत्येक मोठ्या गाडीची वेळ, चाकं किती (सहा, दहा, बारा), भरलेली की रिकामी, आणि नंबराचे शेवटचे चार आकडे लिहायचे. दुसऱ्या तोंडाचा माणूस निघणाऱ्या गाडीचं तेच लिहितो. सकाळी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की तोच नंबर चार-पाच मिनिटांत पलीकडं निघालेला दिसतो. ती पुढं जाणारी गाडी. तासाभरानं निघाली किंवा आल्या वाटेनं परत गेली, तर तिचं काम तुमच्या गल्लीतच होतं. दोन रात्री आणि शाळेच्या वेळेचे दोन दिवस एवढं पुरे. एक दिवस शनिवार धरा, कारण बाजाराच्या दिवशी सगळंच बदलतं. युवक मंडळाच्या पोरांच्या अंगात कमान उभी करायची उमेद आहे ना, तिला हे काम द्या. रात्री जागायला त्यांना कारण लागत नाही, एरवीही जागतातच.

एखाद्या रात्री चालकाशीही बोला. तो वाकडी वाट का धरतो, हे त्याच्याइतकं कुणी सांगणार नाही. रेल्वे गेटावर खोळंबा असेल, खानापूर रोडवर गर्दी असेल, किंवा मोबाईलवरच्या नकाशानं ही वाट निळी दाखवली असेल. त्या नकाशाला गाडीची रुंदी कुठं माहीत असते! शिवाय मालासोबतच्या ई-वे बिलाला, म्हणजे माल नेण्याच्या ऑनलाइन कागदाला, मुदत असते, दर २०० किलोमीटरला एक दिवस, आणि वरून मालकाचे फोन. गल्लीतल्या माणसांना त्रास द्यायचा म्हणून अकरा वाजता कुणी स्टिअरिंग वळवत नाही. एवढं निवेदनाच्या भाषेत उतरलं तरी कागदाचा सूर बदलतो. 'बेदरकार', 'मुजोर' हे शब्द पंचांच्या मसुद्यात आहेत, ते काढा.

आता कायदा, कारण पंचांचा कागद चुकीच्या दारात जायची शक्यता मला जास्त वाटते. बंदी घालण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ मध्ये आहे. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी, सोयीसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळं ठरावीक रस्त्यावर ठरावीक प्रकारची वाहनं रोखता येतात. हे राज्य सरकार करतं, किंवा सरकारनं अधिकार दिलेला अधिकारी. आपल्याकडं शहरात असे आदेश पोलीस आयुक्त काढतात, त्यात कर्नाटक मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २२१-अ चा उल्लेख असतो. तेव्हा निवेदन पोलीस आयुक्तांच्या नावे, प्रत तुमच्या भागातल्या रहदारी पोलीस ठाण्याला, महापालिका आयुक्तांना आणि नगरसेवकांना. रस्ता, गटार, दिवे महापालिकेचे, पण ट्रक थांबवणं तिच्या हातात नाही. फलक लावल्याशिवाय बंदी टिकत नाही हेही लक्षात असू द्या. लाल वर्तुळात काळा ट्रक, असा फलक दोन्ही तोंडांना नसेल तर चालक "मला दिसलंच नाही" म्हणेल आणि ते खरंच असेल.

त्याच कलमात एक सोय आहे, तिच्याकडं सहसा कुणाचं लक्ष जात नाही. बंदी एका महिन्याहून जास्त काळाची नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केलं की पुरतं. म्हणजे 'कायमची बंदी' मागून वर्षभर वाट बघण्यापेक्षा एक महिन्याचा प्रयोग मागा. अधिकाऱ्याला हो म्हणायला सोपं जातं, आणि महिन्यानंतर तुमच्या हातात दुसरी मोजणी असते.

'अवजड' म्हणजे काय, हेही कागदावर नेमकं हवं. कायद्यात १२,००० किलोपेक्षा जास्त एकूण वजनाचं मालवाहू वाहन अवजड, ७,५०० किलोपर्यंतचं हलकं. घर बदलताना आपण बोलावतो तो चारशेसात टेंपो हलक्यात मोडतो. त्याला अडवायचं काही कारण नाही, आणि तो अडणार नाही हे बैठकीत मोठ्यानं सांगितलंत तर निम्मा विरोध तिथंच मावळेल. मी तुमच्या जागी असते तर मागणी अशी लिहिली असती: या रस्त्याचा केवळ वाट म्हणून वापर करणाऱ्या अवजड वाहनांना चोवीस तास बंदी, गल्लीत माल उतरवायला किंवा भरायला येणाऱ्या अवजड वाहनांना सकाळी ११ ते दुपारी ३ मुभा, अग्निशमन, रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर, कचरागाडी यांना कधीही वाट मोकळी. ११ ते ३ कशासाठी? तेव्हा पोरं शाळेत असतात आणि सासूबाईही जाग्या असतात. नुसती दिवसाची बंदी मागू नका. बऱ्याच शहरांत सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी अवजड वाहनं रोखतात आणि मग तोच सगळा माल रात्री हलतो. तुमच्या खिडक्या रात्री वाजतात त्याचं मूळ कुठल्यातरी दिवसाच्या नियमात असायची शक्यता आहे.

आवाजाबद्दल लिहायचं तर भावना बाजूला ठेवून आकडे लिहा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. त्या रात्रीच्या वेळेत निवासी भागात हॉर्न वाजवायलाच मनाई आहे, सार्वजनिक आणीबाणी सोडून. ट्रकबंदी होवो न होवो, हॉर्नचा मुद्दा आजही लागू आहे.

भिंतीच्या तड्यांचा परिच्छेद मात्र गाळा. रागावू नका. काच थरथरली म्हणजे भिंत फुटली असं होत नाही. माणसाला जाणवणारी थरथर आणि भिंतीला इजा करणारी थरथर यांत बरंच अंतर असतं. जुन्या घराला तडा जायला पाया, ओल, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती अशी दहा कारणं असतात. अभियंत्यानं तो एक मुद्दा खोडला की बाकीचा कागदही हलका होतो. तरी संशय असेल तर तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं बारीक रेघ मारून शेजारी तारीख लिहा आणि पावसाळ्यानंतर परत बघा. त्याऐवजी रस्त्याबद्दल लिहा, तिथं तुमची बाजू भक्कम आहे. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांची एक मोठी चाचणी झाली. आसावरचा (अ‍ॅक्सलवरचा) भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज दुप्पट न होता साधारण सोळापट होते, असा हिशेब तिच्यातून निघाला आणि रस्ते बांधणारे आजही तो धरून चालतात. सरकारनं २०१८ मध्ये ट्रकांची भारमर्यादाही वाढवली; मागं दोन आस असलेल्या दहा चाकी गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. दुचाक्या आणि रिक्षांसाठी घातलेल्या गल्लीच्या रस्त्यावर, खाली पाण्याचे नळ आणि ड्रेनेज, त्यावरून हे वजन रोज जातं. रस्ता दुरुस्तीची बिलं महापालिकाच भरते, तिला हे गणित पटकन कळेल.

युवक मंडळाच्या कमानीचं काय? कमानीखालून अग्निशमनाचा बंब जात नाही, हे तर आहेच. पण पोरांना वेगळं विचारा: गणपती कुठून आणणार? शिवजयंतीचा चित्ररथ कुठून काढणार? माझा अंदाज आहे, कमान बैठकीतच मोडून पडेल. गतिरोधक मागायचा मोहही आवरा. आमच्या गल्लीत तो एका रात्रीत घातला होता, कुणालाही न विचारता. मग प्रत्येक ट्रक घराच्या उंबऱ्याशी ब्रेक लावायचा, आदळायचा आणि गिअर बदलून घुरघुरत चढायचा. ज्यांच्या दारात तो होता त्यांनीच सहा महिन्यांत घण घालून फोडला. रास्ता रोकोनं एक दिवसाची बातमी होते, आणि नोकरीच्या-पासपोर्टच्या पोलीस चौकशीच्या वेळी ज्या पोराचं नाव गुन्ह्यात निघतं त्याची आई पुन्हा तुमच्याकडंच येते, अर्ज लिहून घ्यायला.

एक प्रश्न तुमच्या पत्रात नाही, तो मी विचारते. ट्रक तुमच्या गल्लीतून गेले नाहीत तर कुठून जातील? मोठ्या रस्त्यानं गेले तर उत्तम. पण लागूनची गल्ली तेवढीच रुंद आणि तिथं फलक नसेल, तर चालक उद्या तिथं वळेल. आपल्याकडं गल्ल्या एकमेकींना अशा चिकटलेल्या की एकीचं दार लावलं की दुसरीचं उघडतं. त्या गल्लीच्या पंचांना रविवारच्या बैठकीला बोलवा. दोन-तीन गल्ल्यांनी मिळून 'या सगळ्या वाटा बंद, खानापूर रोडचा मार्ग खुला' असं मागितलं, मार्गाचं नाव घेऊन, तर ते वाहतुकीचं नियोजन ठरतं. एकट्यानं मागितलं तर शेजाऱ्याच्या अंगणात केर लोटल्यासारखं होतं. तुम्ही विचारलेला स्वार्थ मला दिसतो तो एवढाच. झोप मागण्यात मला तो दिसत नाही.

"बायपास झाला की सगळं सुटेल," असं पंच म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय. हलगा–मच्छे बायपासविरुद्ध शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात आणि बांधावर झगडत आलेत. शहापूर, वडगाव, अनगोळ, मच्छेकडची ती पिकाऊ जमीन, जिथं बेळगावचा बासमती पिकतो. त्यातली काही शेतं तुमच्या गल्लीतल्याच कुणाच्या तरी माहेरची असतील. बायपासचं नाव निवेदनात घालाल तर तुमचा ट्रकांचा साधा प्रश्न एका मोठ्या, दुखऱ्या भांडणाला जोडला जाईल. उद्यमबागेत भरलेला ट्रक तसाही उद्यमबागेतूनच निघणार.

निवेदन कुठल्या भाषेत, यावर पंचांमध्ये वाद झाला म्हणे. होणारच, बेळगाव आहे. घटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, तेव्हा मराठीतलं निवेदन कुणी नाकारू शकत नाही. ते मराठीत द्या, सह्या त्यावर घ्या. आणि तुमच्या चांगल्या कन्नडात त्याचीच प्रत सोबत जोडा. फाइल शेवटी ज्या हवालदाराच्या हातात जाणार, त्याला गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ती वाचायची आहे. दोन्ही प्रतींवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का नसलेलं निवेदन म्हणजे फोटो काढून घरी आणलेला कागद.

निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर भागातूनही अशी पत्रं येतात, तिथं ट्रकांच्या जागी उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही आणि टेपरेकॉर्डर मोठा. तिथल्या वाचकांनी दोन गोष्टी बदलून घ्याव्यात. मोजणी हंगाम भरात असताना करा, उन्हाळ्यात मोजून उपयोग नाही. आणि पोलिसांआधी कारखान्याच्या शेती विभागाकडं जा. ऊस कुठून, कधी, कुठल्या वाहनानं येणार हे त्यांना माहीत असतं. गावाबाहेरचा मार्ग ठरवून देणं आणि ट्रॉलीमागं परावर्तक पट्ट्या असल्याशिवाय गाडी आत न घेणं, हे कारखान्यानं मनावर घेतलं तर आठवड्यात होतं.

आणि हेच तुमच्याही घरी लागू पडतं, ताई. पुढं जाणारा ट्रक तुमच्या गल्लीत येऊन थांबवणं हे सगळ्यात उशिराचं टोक. तो सुटतो फाउंड्रीच्या गेटातून, आणि तिथं त्याच्या हातात गेटपास देणारा माणूस डिस्पॅचचा असतो. 'खानापूर रोडनेच जावे' एवढी ओळ त्या पासावर आली, चार कारखान्यांनी आणि त्यांच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी ती पाळली, तर आयुक्तांच्या आदेशाआधीच काचा थोड्या कमी वाजतील. यजमानांचा राग मला समजतो. 'ट्रक बंद करा' हे त्यांना 'तुमचं काम बंद करा' असं ऐकू आलं, आणि पंचांचा मसुदा तसाच आहे. नवा मसुदा त्यांना आधी वाचायला द्या. सही नाही केली तरी चालेल. त्यांच्या मालकापुढं ती सही त्यांना जड जाईल, तसा आग्रह धरू नका. फक्त पहिल्या रात्री वही घेऊन कट्ट्यावर त्यांना बसवा. अंधारात, ताडपत्री बघून, उद्यमबागेतली गाडी कुठली आणि बाहेरची कुठली हे सांगणारा अख्ख्या गल्लीत तेवढा एकच माणूस आहे.